एका भागाकाराची कुळकथा

संगमनेरच्या एखाद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, करून घेतली की अहवालात पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी येते. तिच्यातील न्यूट्रोफिलच्या आकड्याला लिम्फोसाइटच्या आकड्याने भागले असता मिळणाऱ्या गुणोत्तरावरून ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतील घातक गाठीचा रुग्ण किती काळ जगेल, याचा अदमास बांधता येतो, असे अनेक संशोधक मानतात. या भागाकाराचे कूळ मात्र मेंदूविज्ञानातले नाही.

रक्ताची काचपट्टी अॅनिलीन रंगांनी रंगवून पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे करण्याची वाट जर्मनीत पॉल एर्लिख यांनी १८७९च्या सुमारास पाडली. भारतीय लॅबमध्ये रुळला तो हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर म्हणून काम केलेल्या विल्यम लिशमन यांचा, १९०१मधला रंग. त्याने रंगवलेल्या पट्टीवर न्यूट्रोफिलचे केंद्रक जांभळ्या तुकड्यांत विभागलेले दिसते, तर लिम्फोसाइटचे गोल, गडद केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापते. यंत्रे येण्यापूर्वी तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अशा शंभर पेशी एकेक करून मोजत असत.

हे दोन आकडे अहवालात शेजारी असूनही त्यांचा भागाकार दीर्घकाळ दुर्लक्षितच राहिला. शरीरावर मोठा आघात झाला की न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट घटतात, हे हेरून स्लोव्हाकियातील झाहोरेत्स यांनी २००१मध्ये अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी हे गुणोत्तर सुचवले. गाठीत पांढऱ्या पेशी आढळतात हे रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३मध्येच नोंदवले असल्याने, दाह आणि कर्करोग यांचा संबंध शोधणाऱ्यांनी ते लवकरच उचलले. ग्लायोब्लास्टोमाबाबत आयर्लंडमधील ८४ रुग्णांचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचारांपूर्वीचे गुणोत्तर ४पेक्षा अधिक असलेल्यांचे मध्यक आयुष्य ७.५ महिने, तर इतरांचे ११.२ महिने भरले.

येथे एक मेख आहे. गाठीभोवतीची सूज उतरवण्यासाठी बहुतेक रुग्णांना दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड स्वतःच न्यूट्रोफिल वाढवते आणि लिम्फोसाइट घटवते. शिवाय ज्याची सूज अधिक, त्याला मात्राही अधिक, म्हणून फुगलेला आकडा रोगाचा की औषधाचा, हे नुसत्या अहवालावरून सांगता येत नाही. त्यामुळे स्वस्त असूनही हे गुणोत्तर पूरक खूणच ठरते. उपचाराचा निर्णय आजही रुग्णाचे वय, त्याची प्रकृती, शस्त्रक्रियेत किती गाठ काढता आली आणि गाठीच्या जनुकीय तपासण्या काय सांगतात, यांवरच घेतला जातो.