गुडघ्यातलं वंगण : एका चिकट द्रवाचा इतिहास

"डॉक्टर, गुडघ्यातलं वंगण संपलंय म्हणे. ते भरायचं इंजेक्शन तुमच्याकडे मिळतं का?"

सुरगाण्यात भाताची आवणी संपली की हा प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो. दिवसभर चिखलात वाकून काम केल्यावर गुडघे बोलू लागतात. याच्या अगदी उलट भीतीही तितकीच ऐकू येते. गुडघा टम्म सुजलेला असतो आणि मी सुईने थोडे पाणी काढून तपासू म्हटले, की घरचे मागे सरतात. "पाणी काढलं की गुडघा कायमचा कोरडा पडतो, डॉक्टर!"

वंगण संपण्याची आणि पाणी काढण्याची, या दोन्ही भीती एकाच द्रवाबद्दल आहेत. हा द्रव काय आहे, हे माणसाला कसे उमगत गेले, ते आज तुम्हाला सांगतो.

बैलगाडीचा आस

वंगणाची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. गाडीच्या आसाला तेल लावले की चाक सुरळीत फिरते, तसे श्लेष्म्यामुळे सांधे सुरळीत चालतात, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. सांध्यातल्या या कफाला आयुर्वेद 'श्लेषक कफ' म्हणतो.

युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने या द्रवाला 'सायनोव्हिया' हे नाव दिले. अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा दिसतो, म्हणून हे नाव, असे मानले जाते. उपमा चपखल आहे. निरोगी सांध्यातला द्रव फिकट, पारदर्शक आणि बोटांत धरला तर तार सुटेल असा असतो.

१६९१ मध्ये क्लॉप्टन हॅव्हर्स या इंग्रज डॉक्टरने सांध्यातल्या चरबीच्या मऊ गोळ्यांना ग्रंथी समजून, हा द्रव तिथून पाझरतो असे लिहिले. ते बरोबर नव्हते. सांध्याच्या आतून एक पातळ अस्तर असते. रक्तातले पाणी, साखर आणि थोडी प्रथिने त्यातून गाळून आत येतात. त्यात अस्तराच्या पेशी स्वतः बनवलेला एक चिकट पदार्थ मिसळतात. तो पदार्थ कोणता, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

बैलाच्या डोळ्यातून मिळालेले उत्तर

१९३४ मध्ये न्यूयॉर्कला कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी गाईबैलांच्या डोळ्यांतल्या पारदर्शक गरातून एक नवा पदार्थ वेगळा केला आणि त्याला हायल्युरॉनिक अॅसिड असे नाव दिले. पुढे तोच पदार्थ सांध्यातल्या द्रवातही सापडला. साखरेच्या जातीच्या रेणूंची ही लांबच लांब साखळी असते. अशा साखळ्या एकमेकींत गुंततात, पाणी धरून ठेवतात आणि द्रवाला तार येते.

या द्रवाचे दुसरे कामही तितकेच मोठे आहे. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मुख्यतः या द्रवातूनच मिळते. वंगण आणि शिदोरी, दोन्ही त्यातच. आणि एवढे सगळे करणारा हा द्रव निरोगी गुडघ्यात चमचाभरही नसतो!

आमवातासारख्या आजारात अस्तर सुजते. रक्तातले पाणी आणि पांढऱ्या पेशी आत घुसतात, हायल्युरॉनिक अॅसिडच्या साखळ्या तुटतात, उरलेल्या पातळ होतात. सुईतून पडणारा थेंब मग तार न धरता पाण्यासारखा टपकतो. म्हणजे सुजलेल्या गुडघ्यात द्रव जास्त असतो, पण त्याची प्रत घसरलेली असते. 'वंगण संपले' हे वाक्य तिथे खरे नसते.

युरिक अॅसिडचा गुन्हेगार

गाऊटची गोष्ट वेगळी आहे. १८४८ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक अॅसिड वाढलेले असते हे दाखवले. त्यांची चाचणी अगदी साधी होती. रक्ताच्या पाण्यात आम्ल घालायचे, त्यात दोरा सोडायचा आणि वाट पाहायची. दोऱ्यावर स्फटिक जमले की युरिक अॅसिड जास्त. 'र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस', म्हणजे आपला आमवात, हे नावही त्यांनीच १८५९ मध्ये दिले.

पण रक्तात युरिक अॅसिड वाढलेल्या प्रत्येकाचा सांधा गाऊटनेच सुजतो असे नाही. खात्रीचा पुरावा १९६१ मध्ये मिळाला. अमेरिकेत डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी सांध्यातला द्रव पोलराइज्ड प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली धरला आणि त्यात सुईसारखे युरेटचे स्फटिक दाखवले. लवकरच असेही रुग्ण सापडले, ज्यांचा सांधा हुबेहूब गाऊटसारखा सुजलेला होता, पण आतले स्फटिक कॅल्शियमचे होते. लक्षणे तीच, आजार दुसरा. फरक सांगितला तो थेंबाने.

माझी चूक

हे सगळे पुस्तकात वाचून झालेले असूनही मी एकदा चुकलो आहे. व्यवसायाची सुरुवातीची वर्षे होती. चाळिशीतला एक शेतकरी लाल, गरम, सुजलेला गुडघा घेऊन आला. रक्तात युरिक अॅसिड वाढलेले होते. मी गाऊटच्या गोळ्या देऊन घरी पाठवले. चौथ्या दिवशी तो तापाने फणफणत परत आला. तेव्हा सुई घातली, तर सिरिंजमध्ये गढूळ, ताकासारखा द्रव आला. सांध्यात जंतुसंसर्ग होता. त्याला तातडीने नाशिकला पाठवले, ऑपरेशन झाले, जीव वाचला. पण गुडघा पूर्ण वाकेना. उकिडवे बसता येत नाही, म्हणून त्याची आवणी कायमची सुटली. पहिल्याच दिवशी दोन मिली द्रव काढला असता तर? हा प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

थेंब काय काय सांगतो?

१९५३ मध्ये मॅरियन रोप्स आणि वॉल्टर बाउअर या अमेरिकन डॉक्टरांनी वेगवेगळ्या आजारांत हा द्रव कसा बदलतो यावर आख्खे पुस्तक लिहिले. आजची तपासणी त्याच पायावर उभी आहे. ढोबळ आकडे असे :

- निरोगी सांधा : एका घन मिलिमीटरमध्ये २०० पेक्षा कमी पांढऱ्या पेशी.
- झिजेचा संधिवात : साधारण २,००० पर्यंत.
- आमवात, गाऊट : २,००० ते ५०,०००.
- जंतुसंसर्ग : बरेचदा ५०,००० च्या वर. जंतू आणि पेशी साखर खाऊन टाकतात, म्हणून द्रवातली साखरही उतरते.

या सीमा काटेकोर नसतात. म्हणून स्फटिक आणि जंतू दोन्ही शोधावे लागतात.

मग इंजेक्शनचे काय?

आपल्या राज्यात १९९६ पासून पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघर जाऊन पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांना सांधे-स्नायूंची तक्रार होती, पण आमवात जेमतेम अर्ध्या टक्क्याला होता. म्हणजे दुखणाऱ्या बहुतेक गुडघ्यांना झीज, स्नायूंचा अशक्तपणा आणि कष्टांचा ताण हीच कारणे असतात.

हायल्युरॉनिक अॅसिडची इंजेक्शने झिजेसाठी देतात, ती महाग असतात. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१३ मध्ये सर्व पुरावे तपासून, आपण त्यांची शिफारस करू शकत नाही असे सांगितले. गाय-बैल विकून ती घेण्याआधी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन आणि साध्या वेदनाशामकांबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आणि पाणी काढल्याने गुडघा कोरडा पडत नाही. विहीर उपसली तरी झऱ्यांनी पुन्हा भरते, तसे अस्तर नवा द्रव सतत बनवत असते.

एकच गोष्ट लक्षात ठेवा. एखादा सांधा एक-दोन दिवसांत अचानक सुजला, गरम झाला, हलवता येईना, सोबत ताप असेल, तर लेप लावून वाट पाहू नका. लहान मूल पाय टेकवत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात आणा. डॉक्टरांनी सुई काढली तर घाबरू नका. त्या थेंबात तुमच्या सांध्याचे पुढचे आयुष्य लिहिलेले असते.