घराला आलेले कान

भिंतींना कान असतात, असे आपल्याकडे जपून बोलण्याची सूचना देताना म्हणतात. हल्ली त्यांना खरोखरच कान आले आहेत. ‘दिवा लाव’ म्हटले की दिवा लागतो, पंखा थांबतो, दाराचे कुलूप निघते. या ‘स्मार्ट होम’च्या जाहिरातींत कोचावर रेललेली सुखवस्तू मंडळीच दिसतात, तेव्हा आमच्या बुरोंडीत कोणी त्यास श्रीमंतांचा चोचला म्हटले, तर नवल नाही. इतिहास मात्र निराळे सांगतो.

१९६० च्या सुमारास इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात रेज मेलिंग नावाचे गृहस्थ रुग्णांना भेटावयास जात. मानेखाली शरीर लुळे पडलेल्या माणसाला कोणास हाक मारावयाची तर शिटी फुंकण्यापलीकडे साधन नव्हते. मेलिंग यांनी त्या फुंकरीलाच कामास लावले. नळीतून हवा फुंकली वा ओढली की दिवा, घंटा, रेडिओ, इतकेच नव्हे तर टंकयंत्रही चालावे, असे यंत्र सिद्ध झाले. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून ‘पॉसम’ हे नाव पडले. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मी करू शकतो’ असा आहे.

याच काळात, १९६२ साली, अमेरिकेतील बर्कलीच्या विद्यापीठात एड रॉबर्ट्स हा विद्यार्थी दाखल झाला. चौदाव्या वर्षी पोलिओने त्याला गाठले होते; रात्री तो श्वास चालविणाऱ्या पोलादी पेटीत निजे. ती पेटी ठेवण्याजोगी खोली वसतिगृहात नव्हती, म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयात त्याची सोय झाली. पुढे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले, आणि रुग्णालयातच एक वसतिगृह उभे राहिले. विजेवर चालणारी चाकाची खुर्ची आपल्याला जमणार नाही, असे रॉबर्ट्स म्हणे. कारण हाताला दांडा पुढे ढकलता येत नसे, मागे ओढता मात्र येई. मग तो प्रेमात पडला. अशा भेटीत खुर्ची ढकलणारा तिसरा माणूस कोणाला हवा असतो? कळीची पेटी उलटी बसविली, आणि दांडा ओढला की खुर्ची पुढे जाऊ लागली! या साऱ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. १९७२ साली बर्कलीत या मंडळींनी स्वतंत्र जीवनाचे केंद्र काढले, त्याचे बीज अशा प्रसंगांत आहे.

आपल्याकडे कोल्हापुरास नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली अपंगांसाठी संस्था काढली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीनांसाठी केंद्र निघाले. २०१६ च्या कायद्याने सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. वर्गात जागा मिळाली. पण रात्री खोलीतला दिवा कोणी लावावयाचा?

२०१८ साली गूगलच्या ध्वनी-साहाय्यकाला मराठी समजू लागले. आम्हांला ही तारीख महत्त्वाची. माझा पुतण्या पदवीचा अभ्यास घरूनच करतो. स्नायू दुबळे असल्यामुळे भिंतीवरच्या बटणापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. दिवा मालवावयाचा म्हणजे वहिनींना उठवावे लागे. साहजिकच त्यांना झोप आली की त्याचा अभ्यास संपे. आवाजाने लागणारा दिवा बसविला त्या रात्री तो दोन वाजेपर्यंत वाचत बसला. सकाळी वहिनी रागावल्या. एवढ्या मोठ्या मुलाला जागरणाबद्दल बोलणी खाण्याची संधी प्रथमच मिळाली होती.

या कानांविषयी माझे दोन आक्षेप आहेत. त्यांनी ऐकलेले शब्द घरातच राहत नाहीत, दूरच्या कंपनीच्या यंत्रांपर्यंत जातात. ज्याला या यंत्रावाचून गत्यंतर नाही, त्याने भिडेपोटी गप्प तरी कसे बसावे? दुसरा आक्षेप समुद्रकाठचा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आले, आणि दापोली तालुक्यातील कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. वीज आणि इंटरनेट गेले की असले घर बहिरे होते.

म्हणून पुतण्याच्या खाटेशी बॅटरीवरचा एक साधा दिवाही बसविला आहे. त्याची दोरी गावच्या सुताराने कप्पीवरून खाली आणली, ती त्याला जेवढे ओढता येते तेवढ्याच ओढीने लागते.