कप्तान नेमो : ग्रंथांतला आणि पडद्यावरचा

आमच्या अमरावती शहरांत चित्रपटाचें वेड किती खोल रुजलें आहे हें पाहावयाचें असेल, तर चौकांचीं नांवें वाचावीं. प्रभात, श्याम, चित्रा हीं नांवें चित्रपटगृहांचीं. तींच पुढें चौकांस चिकटलीं. अशा या शहरांत, राजापेठेंतील एका स्नेह्यांच्या घरीं, गेल्या पावसाळ्यांत मुलांसाठीं वॉल्ट डिस्ने यांचा १९५४ सालचा एक चित्रपट लावला होता. ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराच्या सागरी कादंबरीवरून तो काढलेला आहे. पाणबुडीचा नायक कप्तान नेमो पडद्यावर येतांच यजमानांचा बारा वर्षांचा नातू एकदम म्हणाला, "आजोबा, हा तर बुंदेलखंडचा राजपुत्र ना? मग हा गोरा साहेब कसा झाला?" आजोबांनीं आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हांस त्या वेळीं नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. तें राहून गेलेलें उत्तर येथें देण्याचा विचार आहे.

नेमोचा जन्मच मुळीं लपवाछपवींत झाला. व्हर्नची 'समुद्राखालचे वीस हजार लीग' ही कादंबरी १८६९-७० सालीं प्रथम नियतकालिकांतून प्रसिद्ध झाली. व्हर्नच्या मनांतील पहिला नेमो पोलंडचा होता. १८६३ सालीं पोलंडनें रशियाविरुद्ध उठाव केला व तो निर्दयपणें चिरडण्यांत आला; त्या सूडानें पेटलेला हा पुरुष. परंतु व्हर्नचे प्रकाशक हेत्झेल यांस हें रुचलें नाहीं. रशियांत पुस्तकें खपत होतीं, आणि रशियाचें मन दुखवणें त्यांस परवडणारें नव्हतें. अखेर व्हर्ननें आपल्या नायकाचा देशच झांकून ठेवला. नेमो या लॅटिन शब्दाचा अर्थ 'कोणीही नव्हे' असा आहे. तेव्हां ज्याला देश नाहीं असा नेमो प्रथम चित्रपटवाल्यांनीं केला असें नव्हे. तो आधीं पुस्तकाच्या व्यापारानें केला.

देश सांपडला तो पुढें, १८७४-७५ सालच्या 'गूढ बेट' या कादंबरींत. मरणाच्या दारीं असलेला नेमो तेथें आपली कहाणी सांगतो. तो डक्कर नांवाचा राजपुत्र, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा व टिपू सुलतानाचा पुतण्या. दहाव्या वर्षीं वडिलांनीं त्याला युरोपांत धाडलें; तेथील सर्व विद्या आत्मसात् करून १८४९ सालीं तो परत आला, त्यानें लग्न केलें, त्याला दोन मुलें झालीं. परंतु घरचें सुख देशाच्या दास्यावर पांघरूण घालूं शकलें नाहीं. १८५७ सालीं तो उठावांत पडला, लढायांत जखमी झाला, त्याच्या डोक्यावर बक्षीस लागलें, आणि त्याचें सारें कुटुंब नाहींसें झालें. मग मूठभर सोबत्यांसह एका ओसाड बेटावर त्यानें 'नॉटिलस' बांधली व तो समुद्राच्या पोटांत शिरला.

या कहाणींत सांधे खिळखिळे आहेत, हें कबूल केलें पाहिजे. टिपू १७९९ सालीं पडला आणि हा पुतण्या त्यानंतर वीस वर्षांनीं जन्मलेला. शिवाय कोठें म्हैसूर आणि कोठें बुंदेलखंड! हिंदु राजाच्या घरीं टिपूचें रक्त कसें आलें, असें कोणीही विचारील. परंतु मराठी वाचकानें येथें घाईनें हंसूं नये. त्याच बुंदेलखंडांत बांद्याचा नबाब अली बहादूर हा १८५७ च्या उठावांत सामील झाला होता. आणि हा मुसलमान नबाब कोणाचा वंशज? थोरल्या बाजीरावाचा व छत्रसालाच्या मस्तानीचा! व्हर्ननें अज्ञानानें जी गांठ मारली, तशीच गांठ इतिहासानें आधींच मारून ठेविली होती.

आणि ही हकीकत वऱ्हाडापासून फार दूरचीही नाहीं. १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवालीं केलें होतें. झांशीची राणी १८५८ च्या जूनमध्यें ग्वाल्हेरपाशीं पडली. त्यानंतर तात्या टोपे यांनीं त्याच वर्षाच्या अखेरीस नर्मदा ओलांडली आणि तापीच्या उगमाच्या मुलताईपर्यंत धडक मारली. मुलताई म्हणजे आमच्या वरुडच्या उत्तरेचा शेजार. तेथून त्यांस पश्चिमेकडे वळावें लागलें, व पुढील वर्षीं ते फांसावर गेले. डक्कर हा कल्पनेंतला खरा; पण ज्या पराभवांतून तो उठला तो आमच्या उंबरठ्यापर्यंत आलेला होता.

हा पूर्वेतिहास हातीं आला म्हणजे पहिल्या कादंबरींतले प्रसंग निराळेच दिसूं लागतात. सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर मोतीं काढणाऱ्या एका गरीब हिंदी पाणबुड्यावर शार्क मासा झडप घालतो; नेमो प्राण धोक्यांत घालून त्याला सोडवतो, वर मोत्यांची थैली हातांत ठेवतो, आणि आपल्या पाहुण्या प्राध्यापकास सांगतो कीं, हा माणूस दलितांच्या देशाचा आहे व आपणही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच देशाचे आहों. त्याच्या खोलींत पोलंडचा कोशियुस्को, आयर्लंडचा ओकॉनेल, अमेरिकेचे वॉशिंग्टन व लिंकन आणि गुलामांसाठीं फांसावर गेलेला जॉन ब्राउन यांचीं चित्रें टांगलेलीं आहेत. तुर्कांविरुद्ध उठलेल्या क्रीट बेटावरील लोकांना तो समुद्रतळींचें सोनें पोंचवतो. एक युद्धनौका बुडविल्यावर मात्र हाच पुरुष एका स्त्रीच्या व दोन मुलांच्या चित्रापुढें गुडघे टेकून हुंदके देतो. घरचें दुःख, देशाचें दुःख आणि जगांतील सर्व पारतंत्र्यांचें दुःख हीं त्याच्या ठायीं एकांत एक गुंतलेलीं आहेत. नेमोचा खरा मोठेपणा या गुंतण्यांत आहे. पाणबुडी हें त्याचें केवळ वाहन.

आतां चित्रपट काय करतात तें पाहूं. १९१६ सालच्या अमेरिकन मूकपटांत दोन्ही कादंबऱ्या एकत्र केल्या होत्या, आणि समुद्राखालचें छायाचित्रण हें त्या काळचें मोठेंच नवल होतें. त्यांतला नेमो हिंदी राजपुत्रच आहे. अॅलन होलुबार या गोऱ्या नटानें चेहरा काळवंडून ती भूमिका केली. देश राहिला, परंतु कारण गेलें. एका दुष्ट व्यापाऱ्यानें राणीवर हात टाकला व मुलगी पळविली, म्हणून राजपुत्र सूडास प्रवृत्त झाला, अशी ती कथा. एका साम्राज्याचा अपराध एका माणसाच्या माथीं मारला, कीं प्रेक्षकाला सुखानें घरीं जातां येतें.

१९५४ च्या बोलपटांत याच्या उलट झालें. जेम्स मेसन यांनीं नेमोचा धीरगंभीर संताप असा कांहीं उभा केला आहे कीं, तो विसरतां येत नाहीं. येथें कारण आहे : एका निनांवी राष्ट्राच्या कैदखान्यांत त्यानें यातना भोगल्या, त्याच्या शोधाचें रहस्य काढून घेण्यासाठीं त्याच्या बायकोमुलांस छळून मारलें, आणि आतां तो दारूगोळ्याचा माल नेणारीं जहाजें बुडवतो. शेवटीं बेटाचा प्रचंड स्फोट होतो. हिरोशिमा होऊन तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं. तो स्फोट कशाची आठवण देतो हें प्रेक्षकांस सांगावें लागलें नाहीं. दिग्दर्शक फ्लायशर यांनीं व्हर्नची व्यथा काढून आपल्या काळाची व्यथा तेथें बसविली. ही अप्रामाणिक कृति नव्हे, आणि चित्र म्हणून तें श्रेष्ठही आहे. मात्र कारण राहिलें तरी देश गेला, आणि देशाबरोबर तो मोतीं काढणारा भाऊही गेला.

पुढें १९६१ सालीं हर्बर्ट लॉम व १९७३ सालीं ओमर शरीफ यांनीं ही भूमिका केली. २००३ सालीं 'लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' या चित्रपटांत नसीरुद्दीन शाह नेमो झाले, तेव्हां अखेर हिंदी नट हिंदी भूमिकेंत आला. दाढी, पागोटें, तरवार, कालीमातेची पूजा, सर्व कांहीं आलें. परंतु हा नेमो इंग्रज साम्राज्याच्या म्हणून भासवलेल्या कामगिरीवर खुशीनें निघतो! वेष परत मिळाला आणि बंड हरवलें. २०२४ सालच्या 'नॉटिलस' या मालिकेंत मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या कैदेंतून निसटलेला राजपुत्र पुन्हां दिसला, ही समाधानाची गोष्ट आहे.

चित्रपटांवर सर्व दोष लादणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. 'गूढ बेटा'च्या १८७५ च्या इंग्रजी भाषांतरांतच इंग्रजी राज्यावरील टीकेची धार बोथट करण्यांत आली होती. पडदा यावयाच्या आधींच कातरी चालली होती. खुद्द व्हर्नही आपल्या नायकाच्या बाजूनें शेवटपर्यंत उभा राहत नाहीं. नेमो मरतांना न्याय मागतो, तेव्हां इंजिनियर सायरस स्मिथ त्याला सांगतो कीं, गेलेला काळ परत आणतां येईल असें मानणें व अटळ प्रगतीशीं झुंजणें ही त्याची चूक. म्हणजे पारतंत्र्य ही प्रगति! आमच्या पूर्वजांच्या लढ्याविषयीं हा निकाल एका सज्जन अमेरिकनाच्या तोंडून ऐकतांना मन विटतें. तरीही डक्कर मरतांना देवाबरोबर देशाचें नांव घेतो, आणि व्हर्न तें त्याला घेऊं देतो. मित्राच्या लेखणीला तिच्या काळाची जेवढी मर्यादा असते, तेवढी त्याच्याही लेखणीला होती असें आम्ही समजतों.

भा. रा. भागवत यांनीं 'समुद्रसैतान' या नांवानें ही सागरकथा मराठींत आणली, आणि कित्येक मराठी घरांत नेमो प्रथम तेथूनच आला. पाणबुडीचें नवल संपल्यावर मुलें जर हा माणूस असा कां झाला म्हणून विचारूं लागलीं, तर ग्रंथाचें काम झालें.

राजापेठेंतील त्या मुलाला आमचें उत्तर एवढेंच : बाळ, तो साहेब झाला, कारण ज्यांनीं त्याला पडद्यावर आणलें त्यांस त्याचा राग हवा होता, रागाचें कारण नको होतें. चित्रपट आनंदानें पाहा. आणि दुसऱ्या दिवशीं पुस्तक उघडून त्या पाणबुड्याचें पान पुन्हां वाच. नेमोचा देश त्या पानावर आहे.