पैठणच्या कोकसाची गोष्ट

वेरूळचे कैलास लेणे पाहून आलेल्या माणसाला विचारा, काय पाहिलंत? लांबी-रुंदीचे आकडे त्याला बहुधा आठवणार नाहीत. पण हे देऊळ शिखरापासून खाली पायापर्यंत कोरत आणले, हे तो हमखास सांगेल. यामागे एक जुनी गोष्ट आहे. आज तिच्याविषयीच बोलायचे आहे.

कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात ती आली आहे. राजा आजारी पडला. राणीने नवस केला, राजा बरा झाला तर शिवाचे देऊळ बांधीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. पण शिखर चढायला कित्येक महिने लागणार. तोवर राणी जगणार कशी? कारागिरांनी हात टेकले. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला. आठवड्याभरात शिखर दाखवतो, म्हणाला. त्याने पाया खणलाच नाही. डोंगराच्या माथ्यावरच छिन्नी लावली.

आठवड्यात शिखर होणे शक्य नाही, हे उघड आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, या देवळाचे मुख्य काम झाले. ते एकाहून अधिक राजांच्या कारकिर्दीत चालले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. पण कामाचा क्रम मात्र गोष्टीने अचूक सांगितला आहे. कातळात तीन बाजूंनी खोल चर खणले, मधला प्रचंड खडक मोकळा केला आणि तो वरून खाली घडवत आणला. त्यामुळे उंच परांची बांधायची गरज उरली नाही. मात्र चुकीला क्षमा नव्हती. तोडलेला दगड पुन्हा जोडता येत नाही.

ही झाली वास्तूविषयीची गोष्ट. वास्तूच्या अंगावरही गोष्टी आहेत. उत्तरेच्या भिंतीवर महाभारत, दक्षिणेच्या भिंतीवर रामायण, पट्ट्यापट्ट्यांनी कोरलेले. दक्षिण बाजूलाच खाली रावण आहे. तो सगळ्या हातांनी कैलास पर्वत हलवतो आहे. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, दासी पळत सुटली आहे आणि शंकर मात्र शांत आहे. हा प्रसंग वेरूळच्या इतर लेण्यांतही आहे. पण इथे रावणाच्या डोक्यावर खरोखरच अख्खे देऊळ उभे आहे. तो खाली बसला आणि वरचे देऊळ आपोआप कैलास पर्वत झाले! शिल्पकाराने गोष्टीलाच बांधकामात सामील करून घेतले.

बडोद्याला मिळालेल्या, इसवी सन ८१२-१३च्या एका ताम्रपटात या देवळाची स्तुती आहे. ते पाहून देव चकित झाले आणि खुद्द घडवणाऱ्यालाही हे आपल्या हातून कसे झाले याचे नवल वाटले, असा त्याचा आशय आहे. ताम्रपटाने राजाचे नाव दिले. कारागिराचे दिले नाही. ते दिले लोकांच्या गोष्टीने. कोकस नावाचा माणूस खरोखर तिथे राबला की नाही, याला पुरावा नाही. पण हे काम एका माणसाच्या युक्तीचे आणि अनेकांच्या हातांचे आहे, ही जाण त्या नावात टिकून आहे.

हे आज मुद्दाम सांगायचे कारण आहे. हे माणसाचे काम नव्हेच, परग्रहावरून कोणीतरी येऊन ते करून गेले, असल्या कहाण्या अलीकडे चवीने ऐकल्या जातात. त्याही गोष्टीच आहेत. पण त्या कारागिराचे श्रेय काढून घेतात. आपल्या जुन्या गोष्टीने ते पैठणच्या एका कसबी माणसाच्या पदरात घातले होते.

पुढच्या खेपेला वेरूळला जाल तेव्हा मुलांना कोकसाची गोष्ट जरूर सांगा. आणि मग कातळावरचे छिन्नीचे घाव दाखवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)