कोलकाता आणि व्हिएन्ना : एक मतभेद

विद्यापीठातील एखाद्या विभागाचे नाव वृत्तपत्रांत झळकते ते बहुधा त्याच्या परदेशी संबंधामुळे. कोलकाता विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाचेही तसेच झाले आहे. त्याचा इतिहास कोणी लिहावयास घेतला की फ्रॉइडच्या टेबलावरील हस्तिदंती विष्णुमूर्ती त्यात हटकून येते. फ्रॉइडला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली त्या निमित्ताने, १९३१ साली, ती येथून व्हिएन्नास पाठविण्यात आली. मूर्ती सुंदर आहे. परंतु ती पाठविणाऱ्यांनी फ्रॉइडशी जो वाद घातला, तो आम्हांस मूर्तीहून मोलाचा वाटतो.

राजाबाजारच्या सायन्स कॉलेजवरून जाताना आम्हां सरकारी नोकरांस आठवण होते ती सर चंद्रशेखर रामन यांची. हिंदुस्थान सरकारच्या अर्थखात्यातील सुरक्षित जागा सोडून ते १९१७ साली या विद्यापीठात प्राध्यापक झाले. (असे धाडस आमच्यापैकी कितीजण करतील, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.) मानसशास्त्र विभाग त्याच सुमाराचा. ब्रजेंद्रनाथ सील यांनी १९०५ सालीच प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखला होता. १९१६ साली विभाग प्रत्यक्षात आला आणि हार्वर्ड येथे म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त त्याचे प्रमुख झाले. तत्त्वज्ञानाच्या छायेत वावरणारा विषय अशा रीतीने प्रयोगशाळेत आला.

या विभागाच्या पहिल्या विद्यार्थ्यांत गिरींद्रशेखर बोस हे एक होते. ते वैद्यकीचे पदवीधर. व्यवसाय चांगला चाललेला असताना पुन्हा विद्यार्थी झाले. दमनाच्या कल्पनेवरील प्रबंधास त्यांना १९२१ साली डॉक्टरेट मिळाली आणि पुढे ते विभागाचे प्रमुखही झाले. प्रबंध त्यांनी फ्रॉइडकडे पाठविला आणि तेथून पत्रव्यवहार सुरू झाला. १९२२ साली पारसीबागान गल्लीतील आपल्या घरी त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली.

या संस्थेच्या संस्थापक सभासदांत रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे प्रमुख बर्कली-हिल हेही होते. हिंदूंचा धर्म आणि स्वभाव हा बालपणीच्या शारीरिक सवयींतून उपजलेला दोष आहे, अशा आशयाचा लेख त्यांनी १९२१ साली प्रसिद्ध केला होता. एकाच शास्त्राच्या आधारे राज्यकर्ता प्रजेस रोगी ठरवीत होता, आणि त्याच बैठकीत बसणारा प्रजाजन त्या शास्त्राचा पायाच तपासून पाहत होता! हा प्रसंग आमच्या विद्वानांनी अधिक रंगवून सांगावयास हवा होता.

बोस यांचे म्हणणे असे की, प्रत्येक इच्छेबरोबर तिच्या उलट इच्छाही मनात असते. मारण्याच्या इच्छेपाठोपाठ मार खाण्याची इच्छा असते, आणि या द्वंद्वातून दमन घडते. बापाच्या भयाने मुलगा आपली वासना आवरतो, हा फ्रॉइडचा सिद्धांत त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. आपल्या बंगाली रुग्णांत ते भय युरोपीयांइतके ठळक दिसत नाही, आणि पुरुषाच्या मनातील स्त्री होण्याची इच्छा मात्र सहज वर येते, असे त्यांनी १९२९ साली फ्रॉइडला स्पष्ट कळविले. फ्रॉइडने सौजन्याने उत्तर दिले, उलट इच्छांकडे आपले दुर्लक्ष झाल्याचेही मान्य केले. पण पूर्ण संमती दिली नाही. मूर्तीबद्दलच्या आभारपत्रात तर त्याने परदेशांत मनोविश्लेषणाने मिळविलेल्या विजयांचा उल्लेख केला. कोलकात्यात जिंकला गेलेला मुलूख त्याला दिसला असेल. बोस मात्र स्वतःस मांडलिक समजत नव्हते.

दोघांची भेट कधीच झाली नाही. १९४० साली बोस यांच्या संस्थेने लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उघडले. त्यास जागा दिली ती थोरले बंधू, प्रसिद्ध विनोदी लेखक राजशेखर यांनी. बोस १९५३ साली निवर्तले. राजाबाजारच्या त्याच आवारात त्यांचा विभाग आजही चालू आहे, आणि १९३८ साली सुरू झालेल्या उपयोजित मानसशास्त्राच्या शाखेचा तर आता स्वतंत्र विभाग झाला आहे.