निवडुंगाच्या माळावरचा कारखाना



पेरणीच्या दिवशी चाड्यावर मूठ कोणाची, हे घरात आधी ठरलेले असते. थोरला असला, पण हात उतावळा असला, तर त्याला ते काम देत नाहीत. बी विरळ-दाट पडले तर वर्षभर निस्तरावे लागते. शेतकऱ्याला ठाऊक असलेली ही गोष्ट एका कारखानदाराने आपल्या कारखान्यात कशी वापरली, त्याची ही हकीकत आहे. कारखानदार म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तिथे कळले की त्यांच्या डोळ्यांना काही रंग ओळखू येत नाहीत. आता बघा, रंग न दिसणारा चित्रकार! दुसरा कोणी असता तर गावी परतला असता. पण त्यांची रेघ चांगली होती, आणि रेघेला रंग लागत नाही. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीत डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले.

बेळगावात बंधू रामुअण्णा होते. दोघांचा सायकलींचा व्यापार आधीपासूनच चालू होता: लक्ष्मणरावांनी मुंबईहून माल पाठवायचा, रामुअण्णांनी बेळगावात खपवायचा. पुढच्या साऱ्या कारभाराचे बी मला इथेच दिसते. एकाला यंत्राचे वेड, दुसऱ्याला माणसे जमवण्याची हातोटी, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबूड केली नाही.

सायकलींनंतर कडबा कापायचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. नांगर चांगला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे माल दारात पडून राहिला, म्हणजे मालकाच्या मनाचे काय होत असेल, ते बाजारातून कांदा परत आणणाऱ्याला विचारा. आपण शेतकऱ्याला हसू नये, हेही सांगतो. ज्याचे पोट एका तुकड्यावर अवलंबून, तो नवी वस्तू जपूनच घेणार.

इतक्यात बेळगावची जागा सोडायची पाळी आली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. माळ म्हणजे फड्या निवडुंग आणि नाग. 1910 च्या मार्चमध्ये तिथे वसाहत सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी, आज सांगली जिल्ह्यात आहे.

आता मंडळी बघा. वाडीची आखणी आणि कारभार रामुअण्णांकडे. शंभोराव जांभेकर भट्टी बघत, यंत्र बघत, आणि कोणी आजारी पडला तर औषधही देत. हिशेब मंगेशराव रेग्यांचा. के. के. कुलकर्णी पडेल त्या कामाचे व्यवस्थापक. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले, पण नवे यंत्र बसवण्यात त्यांची कल्पकता चाले. गुरुजी, तुमच्या वर्गातही असा एखादा असेल. गुणपत्रकात त्याचे काही दिसत नाही, पण शाळेची बिघडलेली घंटा तोच दुरुस्त करतो.

राखणीचे काम लक्ष्मणरावांनी कोणाला दिले असेल? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना. दोघेही दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. त्या काळात अख्ख्या जमातींवर सरकारी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारलेला होता. गावाने दार लावून घ्यावे अशा माणसांच्या हाती वाडीची दारे दिली. अंधार, वाटा आणि माणसाची चाल हे ज्याला कळते, त्याच्याहून चांगला राखणदार कोण? पण नुसती हुशारी ओळखणे वेगळे आणि रात्री स्वतः निर्धास्त झोपणे वेगळे. लक्ष्मणरावांनी दुसरेही केले, म्हणून मला ही गोष्ट त्यांच्या नांगराहून मोठी वाटते. ते दोघेही वाडीचे विश्वासू राखणदार झाले.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, आणि त्या वितळवून नांगर झाले. पुतणे शंकरराव चित्रकलेतले. त्यांना लेथवर उभे केले नाही. जाहिराती त्यांच्याकडे आल्या, आणि 1920 साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढले. पुढे 1930 साली ‘स्त्री’ आणि 1934 साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगराच्या कारखान्यातून मराठी घरांत वाचायला मासिके जाऊ लागली.

लक्ष्मणराव 1956 साली वारले. मिरजेहून पुण्याकडे रेल्वेने जाल तेव्हा खिडकीतून पाटी बघा. कुंडल रोड हे नाव गेले, आता स्टेशनाचे नावही किर्लोस्करवाडीच आहे.