माडाचा सोंड्या भुंगा

अलिबाग, नागांव, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या रायगड किनाऱ्यावरील वाड्यांत माडाचे वैरी मुख्यतः दोन. त्यांपैकीं गेंड्या भुंगा काळा, डोक्यावर शिंग मिरविणारा. त्यानें कुरतडलेली झावळी उलगडली म्हणजे कात्रीनें कापल्यासारखी दिसते. त्यामुळें त्याची चोरी लपत नाहीं. दुसरा सोंड्या भुंगा. शहरांतील मंडळींनीं याचें नांवही क्वचितच ऐकलेलें असतें, आणि घातक खरा तोच.

हा इंच-दीड इंच लांब, तांबूस, तोंडापुढें बांकदार सोंड असलेला. नराच्या सोंडेवर केसांचा झुपका असतो; मादीची सोंड गुळगुळीत असते. मादी खोडाच्या जखमेंत, पुष्कळदां गेंड्यानेंच पाडलेल्या भोंकांत, अंडीं घालते. पाय नसलेली पांढुरकी अळी आंतल्या आंत गाभा पोखरते, आणि बाहेरून माड हिरवागार! भोंकांतून तांबूस चिकट रस झिरपूं लागला, किंवा खोडाला कान लावतां कुरतडण्याचा आवाज आला, तरच वाडीवाल्यास संशय येतो. शेंड्यानें मान टाकली कीं माड हातचा गेलाच.

शास्त्रानें या किड्याला नांव दिलें तें १७९० सालीं. ऑलिव्हिए या फ्रेंच पंडितानें गंजासारख्या रंगावरून त्यास ‘फेरुजिनिअस’ म्हटलें. पुढें १७९८ सालीं पान्झर या जर्मन पंडितानें ‘व्हल्नेरॅटस’, म्हणजे ‘जखमी’, अशी दुसरी जात मांडली. काळ्या पाठीवर तांबडा पट्टा असलेले भुंगे तींत गणले गेले. परंतु रंग हा साक्षीदार बेभरंवशाचा. एकाच जातींत नाना रंगछटा आढळूं लागल्या, आणि अखेर २००४ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं दोन्ही जाती एकच ठरविल्या.

हा वाद केवळ पंडितांचा राहिला नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत तांबडा भुंगा अरबस्तानांत पोंचला होता व तेथील खजुरीच्या बागा पोखरीत होता. पुढें तो स्पेनपर्यंत गेला. त्यामुळें २०१० सालीं कॅलिफोर्नियांतील लगूना बीच येथें पट्ट्याचा भुंगा सांपडतांच तेथें घबराट उडाली. हा कोणता, आणि आला कोठून? २०१३ सालीं जनुकांच्या तपासणीनें उत्तर मिळालें: जाती दोनच आहेत, आणि कॅलिफोर्नियांतील पाहुणा ‘व्हल्नेरॅटस’, बहुधा बाली बेटाकडील. २०१५ सालीं तेथून त्याचें उच्चाटन झाल्याचें जाहीर करण्यांत आलें.

नर भुंगा ज्या गंधानें इतरांस बोलावितो, त्याचा शोध १९९३ सालीं लागला. तो गंध ठेवलेले सापळे आतां माडांच्या वाड्यांत लावतात. मात्र दोन्ही जातींचा गंध एकच असल्यामुळें सापळा भुंगा पकडतो, जात सांगत नाहीं.